शिवलेले गलबत आणि हौशी कारागीर



मंद्रूपच्या वसंत व्याख्यानमालेत जहाजांवर बोलणार असे मी कळविले, तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, आमच्या गावाला समुद्र दिसतो तरी कोठून?" प्रश्न अगदी रास्त आहे. येथून नाकासमोर पश्चिमेकडे निघालो तरी कोकणचा किनारा अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर. आपली जमीन काळी, पीक ज्वारीचे, आणि पाणी म्हटले की आपली मान आधी आभाळाकडे वळते. असे असूनही मी हा विषय घेतला आहे. ज्या कामाविषयी मला बोलावयाचे आहे ते समुद्रकाठीच करावे लागते असे नाही. ते ओसरीवर होते, सुताराच्या पडवीत होते, आणि जगातल्या एका माणसाने तर ते घराच्या तळघरात बसून केले. त्याची गोष्ट पुढे येईलच.

शिवाय समुद्र दूर असला तरी नाव काही आपल्याला परकी नाही. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपलीच भीमा. वारीला गेलेल्या प्रत्येकाने तेथल्या होड्या पाहिल्या आहेत. पूल नव्हते त्या काळात नदी उतरण्यासाठी भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून त्यांची सांगड करीत. आज आपण दोन गोष्टींची 'सांगड घालतो' म्हणतो, तेव्हा मनात नदी नसते. पण शब्द नदीचाच आहे. दोरीने बांधून पाण्यावर तरंगावयाचे ही कल्पना आपल्या भाषेतच मुरलेली आहे, आणि आजचे माझे सारे व्याख्यान याच कल्पनेच्या एका थोर भावंडाविषयी आहे. ते भावंड म्हणजे शिवलेले जहाज.

'शिवलेले' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. ज्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून दोरीने एकमेकींस शिवलेल्या आहेत, असे जहाज. आपल्याकडे जुन्या जाणत्यांना मोट आठवत असेल. चामड्याची ती मोट शिवताना टाका असा घालावा लागे की पाणी आत राहावे. जहाजात नेमके उलटे, पाणी बाहेर राहावे. फळीच्या कडेला ओळीने भोके पाडावयाची, शेजारच्या फळीला त्यांच्या समोरासमोर तशीच भोके पाडावयाची, सांध्यावर नारळाच्या काथ्याची लांबट वळकटी ठेवावयाची, आणि तिच्यावरून काथ्याचा सुंभ आडवातिडवा ओवून, दोन माणसांनी आतबाहेर उभे राहून, तो ताणून आवळावयाचा. भोके मग बुजवावयाची, आणि वरून राळ व तेल यांचा लेप द्यावयाचा. गोधडी शिवणाऱ्या आजीला ही गोष्ट चटकन समजेल. आम्हां शिकलेल्यांना मात्र चित्र काढून दाखवावी लागते.

हिंदी महासागराच्या काठाकाठाने, आफ्रिकेपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत, शेकडो वर्षे अशी जहाजे चालली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्या भागातल्या शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. याच ग्रंथात 'तगर' नावाच्या बाजारपेठेचे नाव येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ती आहे, आणि तेथले कापड धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून गाड्यांवर घालून भडोच बंदराला नेतात, असे तो व्यापारी लिहितो. हे तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेरच्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. तेव्हा माझ्या स्नेह्यांना माझे उत्तर असे की, समुद्र येथून दिसत नाही हे खरे, परंतु आपल्या मागावरचे कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावर गेले होते, आणि ज्या जहाजांनी ते पुढे नेले त्यांतली कित्येक शिवलेली असणार.

खिळे का नाही मारले, असे कोणी विचारील. लोखंड नव्हते म्हणून, हे उत्तर चुकीचे आहे. आपल्या देशात लोखंड तेव्हाही उत्तम होते. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या ग्रंथात समुद्रातील लोहचुंबकाचे खडक जहाजाला ओढून घेतील म्हणून लोखंड वापरू नये असे सांगितले आहे. ती कथा झाली. खरे कारण व्यवहाराचे असावे. खिळ्याचा सांधा ताठ असतो, शिवणीचा सांधा किंचित हलतो. वाळूच्या किनाऱ्यावर लाटेने जहाज आपटले तर ताठ सांधा तडकतो, शिवण मात्र धक्का गिळते. दुरुस्तीही सोपी. टाके उसवा, फळी बदला, पुन्हा शिवा. मार्को पोलोला मात्र होर्मुझची ही जहाजे मुळीच आवडली नाहीत. त्याने त्यांना नावेच ठेवली. पण ज्यांचा जन्म त्या जहाजांवर गेला त्यांचे मत त्याने विचारलेले दिसत नाही.

पुढे युरोपीय पद्धतीची खिळ्यांची बांधणी सर्वत्र पसरली आणि शिवणारे कारागीर हळूहळू कमी झाले. विद्या कागदावर नव्हती, हातात होती. ज्या विद्येचा कागद नाही, तिचा शेवटचा हात थांबला की ती संपते. आपल्याकडे कितीतरी कामांचे असेच झाले, त्यांची यादी आपणांसमोर वाचावयास नको.

अशा स्थितीत २०२३ साली एक गोष्ट घडली. जुलै महिन्यात केंद्र सरकारचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील 'होडी इनोव्हेशन्स' यांच्यात एक त्रिपक्षीय करार झाला. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून एक खरेखुरे, समुद्रावर चालणारे, शिवलेले जहाज बांधावयाचे, असा तो करार. कल्पना अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांची. बांधणी रत्नाकर दांडेकर यांच्याकडे. नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या जगप्रदक्षिणा करणाऱ्या शिडाच्या नौका याच दांडेकरांनी गोव्यात बांधलेल्या. शिवणकामासाठी केरळातील ज्येष्ठ कारागीर बाबू शंकरन आपल्या माणसांसह आले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचे मुख्य लाकूड, ठेवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल होऊन त्याला 'कौंडिण्य' हे नाव मिळाले. कौंडिण्य हा आग्नेय आशियात गेलेला दंतकथेतील भारतीय दर्यावर्दी. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहयाळी, आणि डेकवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर. २९ डिसेंबर २०२५ रोजी हे जहाज पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ओमानमधील मस्कतला पोहोचले. यंत्र नाही, लोखंडी खिळ्यांची बांधणी नाही. वारा, शीड आणि सुकाणूची वल्ही.

वर्तमानपत्रांत आपण हे वाचले असेल. वर्तमानपत्रांत जे थोडक्यात आटोपले गेले त्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे. जहाज बांधले खरे, पण कशावरून?

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ते चित्र आहे. तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर उंच आयताकार शिडे, मागे सुकाणूची वल्ही, डेकवर रांजण. चित्र सुंदर आहे, परंतु ते काढणारा चितारी होता, जहाजबांधणारा नव्हे. माणूस आणि जहाज यांचे प्रमाण त्याने कथेच्या सोयीने धरलेले. फळी किती जाड, टाका किती अंतरावर, हे चित्रात असण्याचे कारणच नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की जहाजाचा जो भाग पाण्याखाली असतो तो चित्रात दिसत नाही. ज्या भागावर जहाज तरते, वळते किंवा उलटते, नेमका तोच भाग! सोनाराला एखाद्या दागिन्याचे लांबून काढलेले छायाचित्र दाखवावे आणि 'हुबेहूब घडवा, पण वजनही तेवढेच भरले पाहिजे' म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार.

अशा वेळी लहान नमुना कामास येतो. कौंडिण्याच्या बाबतीत मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने नमुन्यावर पाण्यातल्या चाचण्या केल्या, आणि लाकडी डोलकाठ्यांच्या मजबुतीचे गणित नौदलाने स्वतः केले. नमुना म्हणजे शोभेची वस्तू, कपाटात काचेमागे ठेवावयाची, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. नमुना हा एक प्रश्न असतो. तो पाण्यात सोडावयाचा आणि त्याचे उत्तर ऐकावयाचे.

पण ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात, आणि येथे मी आपला थोडा वेळ हिशेबासाठी घेणार आहे. समजा, मूळ जहाज २० मीटर लांब आणि ५० टन वजनाचे आहे. त्याचा पंचविसावा हिस्सा लांबीचा नमुना केला तर तो ८० सेंटिमीटरांचा होईल. एखाद्या घरातल्या लांबट परातीत मावणार नाही, पण हौदात मजेत मावेल. वजन मात्र पंचविसाव्या हिश्श्याने कमी होऊन भागणार नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पंचविसाव्या झाल्या, म्हणून वजन पंचवीस गुणिले पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे १५,६२५ पट कमी. पन्नास टनांचे सव्वातीन किलोहून थोडे कमीच. आणि वेग? तो विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने शोधून काढला. त्याने १८७२च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉर्की येथे एक लांब हौद बांधला आणि त्यात जहाजांचे नमुने ओढून पाहिले. त्याला असे आढळले की नमुन्याचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी ठेवला, तर नमुन्यापुढे उठणाऱ्या लाटा मूळ जहाजाच्या लाटांसारख्याच दिसतात. पंचविसाचे वर्गमूळ पाच. तेव्हा मूळ जहाज ताशी पाच सागरी मैल जाणार असेल, तर नमुना ताशी एक मैलाने ओढावयाचा, आणि मग जे दिसेल त्यावरून मूळ जहाजाचा अंदाज बांधावयाचा. पाण्याशी घासण्याचा हिशेब याने सुटत नाही, तो निराळा करावा लागतो. पण लाटांचे गणित याने सुटले, आणि आजही जगातल्या मोठमोठ्या जहाजांचे नमुने याच नियमाने ओढले जातात.

ही झाली नमुन्याची सचोटी. आता त्याची लबाडी सांगतो. ती फ्रूडच्या कितीतरी आधी गॅलिलिओने ओळखली होती. त्याचा १६३८ सालचा शेवटचा मोठा ग्रंथ व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या आवारातील संभाषणानेच सुरू होतो. लहान जहाज ज्या प्रमाणाच्या लाकडांनी टिकते, त्याच प्रमाणाचे मोठे जहाज का टिकत नाही? उत्तर असे की वजन तिन्ही बाजूंनी वाढते, पण लाकडाची किंवा दोरीची ताकद तिच्या छेदावर, म्हणजे दोनच बाजूंनी वाढते. म्हणून मुंगी आपल्या वजनाच्या अनेक पट ओझे उचलते आणि हत्तीला ते जमत नाही. आपला ८० सेंटिमीटरांचा नमुना शिवणीच्या दोऱ्याने भक्कम दिसेल. त्यावरून २० मीटरांचे जहाज सुंभाने तितकेच भक्कम होईल असे मानणारा माणूस समुद्रात बुडेल. तरंगणे, कलणे आणि चालणे यांविषयी नमुन्याला विचारावे. टिकण्याविषयी विचारावयाचे तर पूर्ण आकाराचा तुकडा बांधून, ताणून, मोडून पाहावा लागतो. आणि अखेरचे उत्तर पूर्ण जहाज समुद्रावर गेल्यावरच मिळते. पोरबंदर ते मस्कत हा प्रवास म्हणूनच निव्वळ सोहळा नव्हता, ती चाचणी होती.

आता मघाशी म्हटलेली तळघरातली गोष्ट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डेन्व्हर नावाचे एक लहान गाव आहे, समुद्रापासून दूर. तेथे रिचर्ड स्टेफी नावाचे गृहस्थ विजेच्या जोडणीची कामे करीत. घरोघर तारा ओढणे, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. छंद एकच, जुन्या जहाजांचे नमुने करणे. १९६०च्या दशकात जॉर्ज बास नावाचे पुरातत्त्वज्ञ तुर्कस्तानच्या समुद्रतळावरून बायझंटाइन काळातील एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष काढीत होते. स्टेफींनी त्यांच्याशी संपर्क साधला आणि त्या जहाजाचे नमुने करून पाहिले. विद्वानांनी कागदावर जे जुळविले होते ते लाकडात जुळते का, हे हातांनी तपासणारा माणूस बास यांना मिळाला. कागद सोशीक असतो. त्यावर फळी हवी तशी वळते. लाकूड तसे वळत नाही.

पुढे सायप्रस बेटाजवळ, किरिनिया गावापाशी, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळातले एक ग्रीक व्यापारी जहाज सापडले. १९६५ मध्ये तेथल्याच एका पाणबुड्याला ते दिसले आणि मायकेल कॅट्झेव्ह यांनी १९६८ व १९६९ मध्ये ते वर काढले. चारशेच्या आसपास दारूचे व तेलाचे रांजण, हजारो बदाम, आणि जहाजाच्या लाकडाचे हजारो तुकडे. हे तुकडे जोडावयाचे कोणी? काम स्टेफींकडे आले. त्यांनी विजेचा धंदा सोडला, कुटुंब घेतले आणि सायप्रसला गेले. संसारी माणसाला या एका वाक्याचे वजन समजेल. तेथे त्यांनी नमुन्यावर नमुने केले, प्रत्येक तुकड्याची जागा शोधली आणि ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे जहाज किरिनियाच्या किल्ल्यात पुन्हा उभे केले. त्या अभ्यासाच्या आधारे ग्रीसमध्ये 'किरिनिया दुसरी' ही पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधली गेली. १९८५ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९८६ मध्ये शिडाच्या बळावर सायप्रसला पोहोचली. स्टेफी टेक्सासच्या एका विद्यापीठात प्राध्यापक झाले, १९८५ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, आणि २००७ मध्ये वारले तेव्हा जुन्या जहाजांच्या जुळणीची एक स्वतंत्र शाखा त्यांच्या मागे उभी होती.

या गोष्टीत मला प्राध्यापकपदाचे तितके महत्त्व वाटत नाही. मला वाटते ते त्याआधीच्या वर्षांचे. संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर, कोणी सांगितलेले नसताना, पैशाची आशा नसताना, एक माणूस तळघरात दिवा लावून बसतो आणि एका फळीचा बाक जमेपर्यंत ती दहादा टाकून देतो. अशी वर्षे मागे नसती, तर बास यांना उत्तर देणारा कोणी नसता.

स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या किंवा चालविलेल्या प्रतिकृती युरोपात पुष्कळ आहेत. ग्रीक नौदलाची 'ऑलिंपियास' ही प्राचीन तीनमजली वल्ह्यांची युद्धनौका १९८५ ते १९८७ मध्ये बांधली गेली. तिच्यामागे जॉन मॉरिसन हे ग्रीक भाषेचे पंडित, जॉन कोट्स हे नौकाशिल्पी आणि फ्रँक वेल्श हे बँकेतले गृहस्थ होते. तिला १७० वल्हेकरी लागत, आणि चाचण्यांसाठी देशोदेशीचे तरुणतरुणी स्वखर्चाने सुट्टी काढून वल्ही मारावयास येत. फ्रान्समध्ये रोशफोर येथे 'एर्मिओन' ही अठराव्या शतकातील युद्धनौका १९९७ पासून पुढे अनेक वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर बांधली गेली. बांधणी पाहावयास येणाऱ्यांच्या तिकिटांवर खर्चाचा मोठा भाग निघाला. २०१५ मध्ये ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेस जाऊन आली. पण २०२१ मध्ये तिच्या लाकडाला बुरशी लागून ते कुजत असल्याचे आढळले, जहाज कोरड्या गोदीत घ्यावे लागले, आणि नव्याने पैसे गोळा करण्याची पाळी आली. हे मी मुद्दाम सांगतो. प्रतिकृती बांधताना फोटो निघतात, हार पडतात. लाकूड मात्र त्या दिवसापासून कुजावयास लागते. काथ्याचे टाके तर आणखी लवकर झिजतात. शिवलेले जहाज ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवावेच लागते. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण समुद्रात लागू पडत नाही. तेथे सुंभ आधी कुजतो आणि पीळ त्याच्याबरोबर जातो.

म्हणून कौंडिण्याचे खरे भवितव्य ते पुन्हा शिवणारे हात पुढच्या पंधरा-वीस वर्षांत किती असतील यावर आहे. नौदल जहाज सांभाळील, परंतु कारागीर तयार करणे हे एकट्या नौदलाचे काम नव्हे. आणि कारागीर एकदम जहाजावर तयार होत नाही; तो लहान लाकडावर, लहान दोऱ्यावर तयार होतो.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे असा छंद आहेच कोठे? मी म्हणतो, महाराष्ट्राइतका तो क्वचितच कोठे असेल. दिवाळीत आपली पोरे काय करतात? दगड, विटा, पोती आणि चिखल घेऊन किल्ला करतात. त्यावर आळीव पेरतात, मावळे बसवितात. कोणी शिकवीत नाही, कोणी गुण देत नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या हे चालले आहे. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी केली नाही असा आपल्या भागातला जुना माणूस विरळा. ही सारी नमुनेकारीच. फक्त आपण तिला खेळ म्हणतो आणि दिवाळी संपली की किल्ला मोडून टाकतो.

मी स्वतः लहानपणी सिंधुदुर्ग केला होता. भोवती समुद्र हवा म्हणून घमेले पुरले आणि त्यात कागदाचे गलबत सोडले; ते अर्ध्या तासात विरघळले. ती बोच कोठेतरी राहिली असावी. कौंडिण्याची बातमी वाचल्यावर मी आमच्या ओळखीच्या सुताराकडून पातळ फळ्या तासून घेतल्या आणि हातभर लांबीची शिवलेली होडी करावयास बसलो. पहिल्याच दिवशी फळी चिरली, कारण भोके कडेच्या फार जवळ पाडली. मग ती थोडी आत घेतली. पुढची फळी वाकेना. तिला किटलीच्या वाफेवर धरली तेव्हा ती नमली. गोव्यातही फळ्यांना वाफ देऊनच बाक आणला होता, ही गोष्ट मी वाचली होती, पण ती पटली बोटे भाजल्यावर. मेणदोरा ताणताना करंगळी कापली. चार आठवड्यांनी होडी तयार झाली आणि मी शेजारच्या मंडळींना बोलावून ती हौदात सोडली. ती पाच मिनिटांत भरून बुडाली. मंडळी चहा घेऊन गेली.

मी ती हौदातून काढली नाही, रागाने तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून, पाणी ओतून पुन्हा सोडली, तर आता ती भरावयास तासाहून अधिक वेळ लागला. रात्रभरात लाकूड फुगले होते, फळीला फळी भिडली होती आणि टाका आवळला गेला होता. ज्याला मी माझे अपयश समजत होतो ती या जहाजांची चालच होती. जुन्या पद्धतीच्या सगळ्याच लाकडी नौका पाण्यात पहिल्यांदा गळतात आणि मग घट्ट होतात. खलाशी पाणी उपसत बसतात, हे पुस्तकात वाचलेले वाक्य होते. त्या सकाळी ते मला कळले.

हा छंद आपल्या शाळांतून आणि वाचनालयांतून रुजवावयाचा असेल, तर एक काम आपल्या वाट्याचे मला दिसते, आणि ते अद्याप कोणी पुरते केलेले नाही. ते काम म्हणजे मराठ्यांचा गुराब. शिवाजीमहाराजांनी उभारलेले आणि आंग्र्यांनी वाढविलेले आरमार आपल्याला अभिमानाचे आहे. पण त्या जहाजांचे आराखडे बांधणाऱ्यांनी कागदावर उतरवून ठेवलेले नाहीत. १७५६च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार तेथे जळून गेले, आणि आपल्या अभिमानाला हेही पचवावे लागते की त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला पेशवे होते. राहिली ती वर्णने, बरीचशी शत्रूकडची. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की गुराबांना बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीनवाले तीनशे टनांच्या आसपासचे, दोनवाले दीडशेच्या आत. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात थोडेच बुडणारे, पुढे निमुळते होत गेलेले, आणि नाळेकडून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबते त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतबाहेर, चाळीस-पन्नास वल्ह्यांची.

वर्णन चांगले आहे. पण अजिंठ्याच्या चित्राप्रमाणेच पाण्याखालचे त्यात फारसे नाही. 'थोडेच बुडणारे' म्हणजे किती? पुढच्या टोकाला दोन जड तोफा उडाल्या की नाळ किती दबत असेल? रुंद आणि उथळ जहाज वाऱ्यावर आडवे सरकते. मग हे गुराब पाठलाग कसे करीत? की ते पाठलाग न करता गलबतांकडून स्वतःला ओढून नेत? हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकाने सुटणारे नाहीत. ते हौदात सुटतील. दहा गावांतल्या दहा जणांनी ऑर्मच्या वर्णनात बसतील असे दहा निरनिराळे गुराब केले, फ्रूडच्या हिशेबाने त्यांत वजन भरले, नाळेवर शिशाच्या तोफा ठेवल्या, तर त्यांतले सहा पहिल्याच फुंकरीला कलंडतील. उरलेले चार जपून ठेवावे. पुढे कधी कोणी मोठी संस्था पूर्ण आकाराचा गुराब बांधावयास निघाली, तर तिला निदान कोणत्या सहा आकारांच्या वाटेस जाऊ नये हे सांगता येईल.

आणि हे करावयास समुद्रकाठीच राहिले पाहिजे असे नाही, हे पुन्हा सांगतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासाची संस्था स्थापन केली. भारतीयाने शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करावी या कल्पनेमागेही तेच होते. निवृत्तीनंतर ते राहिले मात्र फलटणजवळच्या विंचुर्णी या दुष्काळी टापूतल्या लहान गावी. 'म्हादेई'तून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले, त्या प्रवासाची पहिली आखणी करणारा माणूस आपल्यासारख्याच कोरड्या मुलखात राहत होता.

माझी ती हातभर होडी मी आज येथे आणली आहे. व्यासपीठाशेजारच्या घंगाळात ती दुपारपासून पाण्यात आहे. सुरुवातीला तिच्यात बोटभर पाणी होते. व्याख्यान संपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी जवळ येऊन पाहावे. लहान मुलांनी आधी यावे, आणि पाणी किती वाढले ते मोजण्यासाठी मी पट्टी ठेवलेली आहे. सुताराचे नाव हवे असल्यास तेही सांगेन. मेणदोरा मात्र बाजारातला पातळ घेऊ नका, तो तुटतो. चांभाराकडचा घ्यावा.